फियाटची मधली जागा

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मी भांडायला येणार नाही.

पण हे घडलेलं आहे. ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. ती थापा मारणाऱ्यांतली नव्हे. उलट तिच्या तोंडून एक शब्द काढायचा तर दोन कप चहा खर्ची पडतो. हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं. नंतर पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "मी कधी असं बोलले?"

साल १९९४. दसऱ्याचा दिवस, वार शुक्रवार. जागा नवी मुंबईतलं बोनकोडे गाव. वेळ दुपारी बाराची.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. डोक्यावर लख्ख ऊन होतं आणि गाडीला झेंडूची माळ घातलेली होती.

मावशीचं नाव प्रेमला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आज मी त्या वयाच्या कितीतरी पुढे आलोय, म्हणून ही हकीकत सांगताना तिला नावानंच म्हणतो.

प्रेमला म्हणजे विश्वजितची दुसरी बायको. पहिली सुनयना अठ्ठ्याऐंशी साली वारली. पुढच्याच वर्षी प्रेमला लग्न होऊन साताऱ्याहून वाशीला आली. सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, दोन खोल्या. विश्वजित एपीएमसी मार्केटात कांद्याची दलाली करायचा. पहाटे जायचा, दुपारी बाराला घरी. दारू नाही, तंबाखू नाही. माणूस सरळ.

फक्त तो हसायचा नाही.

आणि घरात एक रीत होती.

विश्वजितच्या घराण्यात पहिली बायको सवाष्ण गेली, तर तिचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती, रुपयाएवढी. तो देव्हाऱ्यात ठेवायचा. दुसरीनं कुठलीही नवी वस्तू वापरायच्या आधी ती त्या टाकाला लावायची, हळदकुंकू वाहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "ताई, आधी तुम्ही."

नवी साडी आली, आधी सुनयनाताई. बांगड्या भरल्या, आधी सुनयनाताई. गॅसची शेगडी आली, तिलाही टाक टेकवला. लग्नात घातलेलं मंगळसूत्रसुद्धा आधी टाकाला लावून मगच प्रेमलाच्या गळ्यात पडलं होतं.

पाच वर्षांत प्रेमलाला कोरं असं काही मिळालंच नाही.

वर सासूबाई गोजराआत्यांच्या तोंडी सदानकदा सुनयनाचं कौतुक. सुनयनाची भाकरी अशी, सुनयनाची रांगोळी तशी. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! प्रेमला मान खाली घालून ऐकायची आणि आतल्या आत जळायची. जिवंत सवत असती तर चार भांडी आपटली असती. मेलेलीशी भांडणार कशी? ती म्हातारी होत नाही, तिचं मीठ कमीजास्त पडत नाही, ती चुकतच नाही.

त्यात मूलबाळ नव्हतं. प्रेमलाचं म्हणावं असं एकच होतं. ते म्हणजे विश्वजितच्या शेजारची जागा. तीही पूर्ण आपली आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती.

अशात विश्वजितनं गाडी घ्यायचं ठरवलं. सेकंड हँड फियाट. अठ्ठ्याहत्तर सालची, फिक्या निळ्या रंगाची. गाडी बोनकोड्याच्या पंढरीशेटची. त्यांच्या पोरांना आता मारुती हवी होती.

"दसऱ्याला घरी आणू," विश्वजित म्हणाला.

प्रेमलानं मनात पहिला हिशोब केला तो हाच. गाडी जुनी. सोळा वर्षांची. मान असतो नव्या वस्तूचा. म्हणजे या एका वस्तूवर सुनयनाताईंचा हक्क नाही!

गोजराआत्या तेव्हा गावी गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं. प्रेमलानं दसऱ्याला देव्हारा पुसला, सगळ्या देवांना फुलं वाहिली, टाकाला पण वाहिली. गाडीचं मात्र नाव काढलं नाही.

आणि नवी साडी नेसून ती गाडी आणायला निघाली.

बोनकोड्यात पंढरीशेटच्या अंगणात फियाट उभी होती. धुऊनपुसून लख्ख केलेली. पंढरीशेटनी बोनेटवर थाप मारली.

"गारी सोन्यासारकी हाय, विश्वजित. पानी टाकाचा न चालवाची. पेट्रोल जरा खाते, पन रस्त्यान कदी मान खाली घालाला लावनार नाय."

विश्वजितनं चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. जुन्या फियाटला पुढे दोन वेगळ्या खुर्च्या नसायच्या. एकच अखंड सीट, बाकासारखी. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. त्यामुळे पुढे तिघं आरामात बसत. ड्रायव्हर, दाराशी एक आणि मध्ये एक.

पंढरीशेटची बायको काशीकाकी आरतीचं ताट घेऊन आली. टायरखाली लिंबू ठेवलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं. मग प्रेमलाला कुंकू लावता लावता म्हणाली,

"सुनयनाला ही गारी लय आवरायची गो."

प्रेमलानं कपाळ मागे घेतलं. "आवडायची म्हणजे? त्यांनी ही गाडी बघितली होती?"

"बगितली होती काय! तुजा नवरा पयला आमचेच खोलीन भारुत्री व्हता. तुला सांगला नाय?"

नाही. सांगितलं नव्हतं.

काशीकाकीनं मग सगळं सांगितलं. त्यांच्या भाड्याच्या खोलीत राहणारी सुनयना रोज संध्याकाळी पायरीवर बसून या गाडीकडे बघायची. एकदा फेरी मारून आणा म्हणायची. काकीनं शब्द दिला होता. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता राहून गेलं. एक दिवस सुनयनाच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. नेमकी त्या दिवशी फियाट लग्नाला पनवेलला गेलेली. रिक्षा मिळेना. शेवटी कांद्याचा टेम्पो थांबवला. पुढे ड्रायव्हर, दाराशी विश्वजित आणि दोघांच्या मध्ये सुनयना. हॉस्पिटलपर्यंत विश्वजित तिला धीर देत होता. "आलं, आलं. वाशी आलंच."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. त्याला वाटलं, डोळा लागला.

"पयली फेरी तिचे नावाची मार," काशीकाकी हळूच म्हणाली. "तुमचेत रीत हाय ना?"

प्रेमलाच्या डोळ्यांपुढे लाल झालं. म्हणजे ही गाडी कांद्याच्या धंद्यासाठी नव्हती. तिच्यासाठीही नव्हती. जिला मरून सहा वर्षं झाली तिच्यासाठी प्रेमलाच्या नवऱ्यानं ही गाडी घेतली होती!

"काकी, मान नव्या वस्तूचा असतो," ती कडक आवाजात म्हणाली. "गाडी तर जुनी आहे."

काशीकाकीनं गाडीवरून हात फिरवला.

"जुनी तुमाला. तिला कुटं जुनी हाय?"

प्रेमलानं सरळ दार उघडलं, आत बसली आणि मुद्दाम सरकून विश्वजितला खेटून बसली. अगदी मधल्या जागेवर.

गाडी निघाली. लिंबू फुटलं. पोरं ओरडली.

गावाबाहेर रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं.

मग तिला जाणवलं... आपण दाराशी आहोत.

ती सरकली नव्हती. तिला सरकल्याचं आठवतच नव्हतं. पण तिचा डावा खांदा दाराला टेकला होता, हँडल बरगडीत टोचत होतं. तिच्या आणि विश्वजितच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.

"जरा सर की तिकडं," विश्वजित रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "गिअर टाकता येईना."

"मी दाराला चिकटलेय की हो..."

त्यानं एकदा बघितलं.

घरी येईपर्यंत त्याचा डावा कोपर अंगाला चिकटून होता. शेजारच्याला लागू नये म्हणून आपण जपून धरतो ना, तसा.

प्रेमलानं मनाची समजूत घातली. नवी सवय, जुनी सीट, घसरते. रेक्झिनच ते.

पण पुढच्या रविवारी बेलापूरला जाताना तेच. त्याच्या पुढच्या रविवारी सारसोळ्याला मासळी आणायला गेले तेव्हाही तेच. बसायची मध्ये, पोचायची दाराशी. आणि विश्वजितचा कोपर अंगाला चिकटलेला.

मग दार बिघडलं.

बाहेरून प्रेमलानं ओढलं की उघडायचं नाही. विश्वजितनं ओढलं की लगेच उघडायचं. वॉचमननं ओढलं, उघडलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ओढलं, उघडलं. प्रेमलानं दोन्ही हातांनी ओढलं...

हललंसुद्धा नाही.

विश्वजित गाडी घेऊन तुर्भ्याच्या मेकॅनिककडे गेला. प्रेमला हट्टानं बरोबर गेली. मेकॅनिक हौसेराव कोल्हापूरकडचा. त्यानं लॉक खोललं, तेल सोडलं, पुन्हा बसवलं.

"लॉकमध्ये कायबी लोचा नाय," तो म्हणाला. मग आत वाकून त्यानं सीटवर हात दाबत नेला. दाराशी दाबला, ड्रायव्हरकडे दाबला आणि मध्ये येऊन थांबला.

"ओ वहिनी, मधलीच स्प्रिंग बसलीय. साइडच्या एकदम टाइट. मधे रोज कोण बसतं?"

"कुणी नाही," प्रेमला म्हणाली.

"अशी कशी? मागल्या महिन्यात पंढरीशेटनी माज्याकडंच सीट करून घेतली. सगळ्या स्प्रिंगा नव्या टाकल्यात मी." तो हसला. "रोजचं माणूस बसल्याबिगर अशी बसत नाय, टेन्शन घेऊ नका, करून देतो."

विश्वजित दुसरीकडे बघत होता. त्याचा चेहरा... घाबरलेला नव्हता. प्रेमलाला हेच लागलं. तो घाबरला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सांगतो, भीती वाटायला हवी होती, पण त्या बाईला राग आला. निव्वळ मत्सर. साडी घेतलीस, बांगड्या घेतल्यास, मंगळसूत्र उष्टं केलंस. आता नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतेस? आणि मी दाराशी?

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी विश्वजित म्हणाला, चल, खाडीपुलापर्यंत जाऊन येऊ. प्रेमलानं पदर खोचला आणि ठरवलं, आज हलायचं नाही. मध्ये बसली. डाव्या हातानं सीटची कड पकडली, उजव्या हातानं विश्वजितचा शर्ट.

दुपारचं ऊन. काचा उघड्या. बाहेर रहदारी.

पाचएक मिनिटं ती जागेवरच होती. मनातल्या मनात जिंकलीसुद्धा.

मग मांडीवर वजन आलं...

हळूहळू. कुणी अंग सैल सोडून बसावं तसं. आधी मांडीवर, मग पोटावर, मग छातीवर. तिला श्वास घेता येईना. उन्हात बसलेल्या तिच्या गुडघ्यांना बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखं गार लागत होतं. तिनं ओरडायला तोंड उघडलं. आवाजच नाही.

तिनं विश्वजितकडे बघितलं.

त्याचा डावा हात गिअरवर नव्हता. हात खाली आला होता. प्रेमलाच्या गुडघ्यावर नव्हे, गुडघ्यापासून वीतभर वर... हवेत. तिथं काहीतरी असल्यासारखा टेकलेला. आणि तो हात हळूहळू थोपटत होता.

"आलं, आलं," विश्वजित पुटपुटला. "वाशी आलंच."

प्रेमलानं सगळं बळ एकवटून दाराकडे अंग झोकून दिलं. वजन उतरलं. गाडी थांबली. ती पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी राहून कितीतरी वेळ खोकत होती.

"काय झालं गं?" विश्वजितनं विचारलं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

"गाडी लागली," ती म्हणाली.

ती रिक्षानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. विश्वजित मार्केटात होता. गाडी तो मार्केटात नेत नसे, कांद्याची धूळ बसते म्हणून. प्रेमला सकाळभर देव्हाऱ्यासमोर बसून होती. टाकातली ती बाई तिच्याकडे बघत होती. हात जोडलेले, तोंड बारीकसं.

प्रेमलानं विचार केला. हिला काय हवंय? गाडी. एवढंच ना? मग घेऊ दे. गाडीवाचून माझं काय अडलंय? तिला तिकडे घालवली की घर तरी सुटेल. देव्हारा सुटेल. पुढची साडी मी कोरी नेसेन.

तिनं टाक उचलला, हळदकुंकू लावलं आणि तीन जिने उतरून खाली आली. प्रेमलानं दाराला नुसता हात लावला...

दार उघडलं.

तिनं समोरच्या कप्प्यात टाक ठेवला. आजूबाजूला कुणी नाही बघून मोठ्यानं म्हणाली, "ताई, चुकलं माझं. आधी तुम्ही. गाडी तुमची. घर माझं."

नवऱ्याचं काय, ते ती बोललीच नाही. तिच्या लक्षात आलं नाही असं ती म्हणते. मला वाटतं तिची जीभ रेटली नाही.

विश्वजित बाराला आला, जेवला. प्रेमला म्हणाली, "आज तुम्ही एकटेच गाडीची चक्कर मारून या. उभी राहिली की बॅटरी उतरते."

तो गेला. ती गॅलरीत उभी राहिली. निळी फियाट कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. दीड तास झाला.

मग जिन्यात पावलं वाजली आणि त्याबरोबर एक आवाज आला. तो तिनं पाच वर्षांत कधी ऐकला नव्हता.

विश्वजित शीळ घालत होता.

आत आला. चेहरा फुललेला. प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला बघून तो थबकला.

"अगं, तू वर कधी आलीस?"

"म्हणजे?"

"आत्ता तर गाडीत होतीस. मी लॉक करायला फिरलो तेवढ्यात पळालीस होय?" आणि तो हसला. मोकळा, तोंडभर. "ते शिंगाड्याचं काय म्हणत होतीस? उद्या मार्केटातनं आणतो."

प्रेमलाला शिंगाडे आवडत नाहीत. तिनं आयुष्यात कधी मागितले नाहीत.

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गाडीत नव्हते हो, मी इथंच होते. एका वाक्याचं काम.

पण तो तिच्याकडे बघत होता. पाच वर्षं जे बघणं तिला हवं होतं, ते आज समोर होतं. डोळ्यांत माया, ओठांवर हसू. बाईमाणूस किती कठोर होणार? ती एवढंच म्हणाली,

"हो. आणा."

इथं ती फसली.

त्यानंतर विश्वजित रोज जेवून फेरी मारायला जायचा. परत आला की खुशीत. "तू सांगितलंस तशी मिशी बारीक केली बघ." "तू म्हणालीस ते खरंय, मी फार काम करतो." प्रेमला सगळ्याला हो म्हणायची. तो तिच्यासाठी कधी बांगड्या आणायचा, कधी पेढे. तिच्यावर प्रेम करायचा. पण ज्या बोलण्यासाठी करायचा ते ती बोललेली नसायची, ज्या हसण्यासाठी करायचा ते ती हसलेली नसायची.

आधी तिला मेलेल्या सवतीचा हेवा वाटायचा. आता गाडीतल्या प्रेमलाचा वाटू लागला.

गॅलरीतून ती गाडी जाताना बघायची. पुढच्या सीटवर एकटा विश्वजित. कोपर अंगाला चिकटलेला. तोंड डावीकडे वळवून बोलणारा.

महिनाभरानं गोजराआत्या गावाहून आल्या. हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावायला बसल्या आणि हात तसाच राहिला.

"सुनयनाचा टाक कुठाय?"

प्रेमलानं सांगून टाकलं. सगळं नाही, अर्धंमुर्धं. गाडीचा मान द्यायचा राहिला होता, म्हणून टाक गाडीत ठेवला.

म्हातारीच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही.

"आगं लेकी... काय केलंस ह्ये?"

"मानच दिला ना, आत्या?"

"मान! मान कशापायी देत्यात ठावं हाय का तुला? गेलेल्या बाईला देवात बसवायचं, फुटाण्याएवढं कुकू लावायचं, आधी तू आधी तू म्हणायचं. म्हंजी ती बसती. उठत न्हाय. टाक मान द्यायला न्हाय गं ठेवत, तिला बसवून ठेवायला ठेवत्यात." आत्या उठल्या. "आन तू तिला सोताच्या हातानं उठीवलीस! जा. आदी घिऊन यी."

प्रेमला धावत खाली गेली. गाडी उभी होती. विश्वजित फेरी मारून नुकताच आला असावा, बोनेट गरम होतं. पण तो कुठे दिसला नाही. तिनं कप्पा उघडला.

कुंकवाचा डाग होता. टाक नव्हता.

तिनं सीटखाली बघितलं. चटया उचलल्या. मागे बघितलं. कुठंच नाही. मधल्या जागेवर तिनं हात ठेवला...

उबदार होती. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

ती पळत जिना चढली. तीन मजले. दार उघडंच होतं. विश्वजित दारात उभा राहून चपला काढत होता. तिच्याआधी एक मिनिटभर वर आला असेल. जिन्यात दोघांची चुकामूक झाली कशी, हे तिला आजही कळलेलं नाही. जिना एकच आहे.

तिला मागून येताना बघून तो हसला.

"वेडी आहेस तू अगदी."

"काय झालं?" तिनं विचारलं.

"खाली गाडीत विचारत होतीस ते. वर येऊ का म्हणून." त्यानं मान हलवली, कौतुकानं. "स्वतःच्या घरात यायला कुणी परवानगी मागतं का? म्हटलं, ये की. तुझंच घर आहे."

प्रेमला आत आली. आत्या देव्हाऱ्यापुढे दगडासारख्या बसल्या होत्या.

विश्वजितनं दार लगेच लावलं नाही. दाराला हात लावून तो बाजूला झाला. जरा थांबला... एक माणूस आत यायला लागतो तेवढाच.

मग त्यानं कडी घातली.

टाक पुन्हा सापडला नाही. दुसरा करून घेतला, गोजराआत्यांनी स्वतः जाऊन पूजा केली. उपयोग झाला का, मला माहीत नाही. आत्या पुढच्या वर्षी गेल्या. फियाट अठ्ठ्याण्णव साली भंगारात गेली. हौसेराव म्हणत होता, शेवटपर्यंत इंजिनची तक्रार नव्हती, फक्त ती मधली स्प्रिंग कितीदा बदलली तरी बसायचीच.

मी अजून त्या घरी जातो. विश्वजितकाका आता थकलेत, पण आनंदी आहेत. इतका सुखी म्हातारा मी दुसरा बघितलेला नाही. जेवताना ते सारखे मावशीकडे बघून बोलतात, हसतात, "तुला आठवतं का गं?" म्हणतात.

मावशी तेव्हा बऱ्याचदा स्वयंपाकघरात असते.